पाठीमागचा धबधबा

मी एक दुर्बीण बोलतेय. काळ्या रबराच्या अंगाची, दहा पटींनी मोठं दाखवणारी. माझ्यातून पाहणाऱ्याला फक्त पुढचं दिसतं. मला मात्र पाहणाऱ्याचा डोळाही दिसतो, अगदी जवळून. तो खरंच बघतोय की नुसताच उघडा आहे, हे माझ्याइतकं कुणाला कळत नाही.

माझ्या जन्माबद्दल सांगण्यासारखं फार नाही. कुठल्याशा कारखान्यात माझ्या काचा घासल्या, नळ्यांत बसवल्या, कुणीतरी मला डोळ्यांना लावून भिंतीवरचा तक्ता वाचला आणि खोक्यात भरलं. मग सिंगापुरातल्या पाया लेबार भागात, एका मॉलमधल्या दुकानात मी आठ महिने कपाटात होते. समोर बबल टीचं दुकान. दिवसभर तीच रांग बघून मला वाटायचं, जग म्हणजे एवढंच असणार.

एप्रिलमध्ये, जेवणाच्या सुट्टीत नरेश आला. मूळचा अमरावतीचा, सिंगापुरात अकरा वर्षं झालेली, शेजारच्याच इमारतीत बँकेच्या सॉफ्टवेअरचं काम बघणारा. जूनमध्ये शाळेला सुट्टी लागली की तो बायकोमुलीला घेऊन आफ्रिकेच्या दक्षिणेला जाणार होता. जोहान्सबर्गला उतरायचं, गाडी भाड्याने घ्यायची आणि दरी, जंगल, मिठाचं माळरान बघत बघत व्हिक्टोरिया धबधब्यापर्यंत स्वतः चालवत जायचं. दुकानदाराला त्याने हे सगळं न विचारता सांगितलं. मला हातात घेऊन बबल टीच्या रांगेकडे पाहिलं आणि म्हणाला, "चालेल."

हौगांगला नवव्या मजल्यावर त्याचं घर. बायको ऋचा, तेरा वर्षांची मुलगी क्षिप्रा आणि तीन वर्षांपूर्वी, वडील गेल्यावर, गावाहून आणलेली आई, शांताबाई.

शांताबाईंनी अमरावतीत मुलींच्या शाळेत एकतीस वर्षं भूगोल शिकवला होता. समोर नकाशा न ठेवता त्या फळ्यावर आफ्रिका काढायच्या, एका रेघेत, खडू न उचलता. झांबेझी नदी निळ्या खडूने काढायच्या आणि जिथे धबधबा तिथे खडूचा ठिपका दाबून ठेवायच्या. हे मला त्यांनीच सांगितलं. म्हणजे क्षिप्राला सांगत होत्या, पण क्षिप्राच्या कानात इअरफोन होते, आणि मी त्यांच्या मांडीवर होते.

त्यांच्या डोळ्यांच्या मधोमध डाग पडला होता. कडेचं दिसायचं, नेमकं समोरचं नाही. बोलणाऱ्याचे कान दिसायचे, तोंड दिसायचं नाही. माझ्यातून पाहिलं की वस्तू मोठी व्हायची आणि डागाबाहेर तिचा थोडा भाग उरायचा. पहिल्याच दिवशी त्यांनी मला खिडकीतून समोरच्या ब्लॉककडे रोखलं आणि हसून म्हणाल्या, "अरे, त्यांच्याकडे निळी चादर वाळत घातलीय!" डॉक्टरांनी सांगितलं होतं, वर्षभरात हेही जाईल.

त्यांना न्यायचं कुणाच्या मनात नव्हतं. पण मागच्या महिन्यात गॅसवर दूध ठेवून त्या विसरल्या होत्या, भांडं काळं झालं होतं, शेजारीण धावत आली होती. त्यांना एकटं ठेवून बारा दिवस जाता येणार नव्हतं. तेव्हा नरेशने जेवताना सांगून टाकलं.

"येतेस तर ये आई. पण एक सांगतो. सगळ्यांच्या वेळेनं चालायचं. दिसत नाही, चालवत नाही, असलं एकदाही ऐकायला लागलं तर त्या दिवसापासून तू हॉटेलात बसायचंस."

"नाही म्हणणार," शांताबाई म्हणाल्या.

त्या दिवशी त्यांनी मला उशाशी घेतलं. आयुष्यात कधीही न पाहिलेल्या जागांची नावं पुटपुटत झोपल्या.

पहिला मुक्काम ब्लाइड नदीच्या दरीपाशी. तिथे दोन नद्या मिळतात आणि खडकात खोल, गोल खड्डे पडलेत. पुलावर उभं राहून शांताबाईंनी मला डोळ्यांना लावलं, मान जरा वाकडी करून डाग बाजूला सारला, आणि त्यांचा डोळा एकदम मोठा झाला.

"रांजणखळगे! नरेश, आपल्या निघोजला आहेत ना, तसेच! मी मुलींची सहल नेली होती. भोवऱ्यात गोटे गरगर फिरतात रे, आणि खालचा खडक कोरत जातात. हजारो वर्षं. पाण्याला घाई नसते."

नरेश फोनवर शूट करत होता, बायकोचं करता करता आई मध्ये आली होती. संध्याकाळी त्याने तो व्हिडिओ टाकला. वर लिहिलं, 'भूगोलाच्या बाईंचं स्वप्न पूर्ण करतोय.' सकाळपर्यंत तीनशे माणसांनी तो पाहिला. ऑफिसातल्या मोठ्या साहेबांनीही खाली दोन शब्द लिहिले. नरेशने ते न्याहारीच्या टेबलावर मोठ्याने वाचले. आईला पहिल्यांदाच स्वतःच्या हाताने टोस्टला लोणी लावून दिलं.

त्यानंतर प्रत्येक ठिकाणी व्हिडिओ झाला. आईने उभं कुठे राहायचं, काय बोलायचं, टोपी कुठली घालायची, हे ऋचा ठरवायची. "आई, तुम्ही फार पुस्तकी बोलता हो. नुसतं 'किती सुंदर' म्हणा."

क्रुगरच्या जंगलात तीन दिवस होते. गाडीतून उतरायची परवानगी नाही. मी हातोहात फिरायचे, शेवटी मागच्या सीटवर शांताबाईंकडे यायचे. पण तोवर प्राणी झाडीत गेलेला असायचा. "दिसला का आई?" नरेश आरशातून विचारायचा. नाही म्हणायचं नाही, हे ठरलेलं. "दिसला की," त्या म्हणायच्या. मी त्यांच्या डोळ्यांवरच असायचे. मला ठाऊक होतं, त्यांना काटेरी झुडपाशिवाय काही दिसलेलं नाही.

क्षिप्रा मुलगी हुशार. दुसऱ्या दिवशी तिच्या लक्षात आलं.

"आजी! जिराफ! लेफ्ट साइड, बिग ट्रीच्या मागे!"

डावीकडे काही नव्हतं. वाळलेलं गवत होतं आणि एक वारूळ. शांताबाईंनी मला वर उचललं, हळूहळू फिरवलं.

"दिसला का?"

"हो, हो. केवढा उंच आहे!"

क्षिप्राने तोंडावर हात धरला. तिने ते फोनवर घेतलं होतं. शाळेतल्या सिंगापुरी इंग्रजीत ती ओरडली, "शी इज ब्लफिंग, लाह! देअर इज नथिंग!" मग तिने हत्ती सांगितला. मग झाडावर झोपलेला बिबट्या. बिबट्याचे ठिपकेसुद्धा आजीला दिसले. ऋचा हसू दाबत म्हणाली, "पुरे गं." नरेशला मात्र हसू आवरेना. गाडी हलत होती, इतका हसत होता. शांताबाई आधी सगळ्यांबरोबर हसल्या, त्यांना वाटलं बिबट्या बघून सगळे खूश झालेत. मग त्यांना कळलं. त्यांनी मला खाली घेतलं आणि माझ्या काचांवर पदराची घडी फिरवत बसल्या. काचा स्वच्छ होत्या.

आई खोटं बोलते हे त्या दिवशी गाडीत सगळ्यांना कळलं. का बोलते, हे कुणी विचारलं नाही.

पुढे उत्तरेकडे निघालो. पोलोक्वाने गाव मागे पडल्यावर शांताबाई सरळ होऊन बसल्या. "नरेश, आता रस्त्याकडेला मकरवृत्ताची खूण लागेल. दोन मिनिटं थांबशील? मला नुसतं त्यावर उभं राहायचंय."

"दगड आहे तो आई. पाटी लावलेला दगड."

"असू दे रे. एकतीस वर्षं पोरींना तुटक रेघ काढून दाखवली मी."

"सरहद्द बंद होईल. परत येताना बघू."

परत येताना हा रस्ता लागणारच नव्हता. गाडी धबधब्याच्या गावी सोडून तिथूनच विमान होतं. शांताबाईंनी मला खिडकीच्या काचेला टेकवलं. खूण आली आणि गेली. वीस मिनिटांनी पेट्रोल पंपावर गाडी थांबली. सगळ्यांनी कॉफी घेतली, क्षिप्राला फ्राइज हव्या होत्या, त्या तळून यायला अर्धा तास गेला. शांताबाई गाडीतच बसल्या होत्या.

बोट्स्वानात मिठाचं माळरान लागलं. त्या एका जागेबद्दल मी नरेशला दोष देणार नाही. गाडीचं चाक तपासायला तो थांबला होता. चहूकडे पांढरी, तडकलेली जमीन, झाड नाही, घर नाही, प्राणी नाही. "देअर इज लिटरली नथिंग हिअर," क्षिप्रा म्हणाली आणि गाडीत जाऊन बसली. शांताबाई उतरल्या. मला त्यांनी गळ्यातच राहू दिलं, डोळ्यांना लावलं नाही. जागच्या जागी सावकाश एक पूर्ण गिरकी घेतली. समोर काही नव्हतंच, त्यामुळे डागाने काही झाकलं नाही. कडेकडेने सगळं क्षितिज त्यांना दिसत गेलं. त्या बारा दिवसांत त्यांनी दुसऱ्या कुणाहून कमी पाहिलं नाही, अशी ती पाच मिनिटं.

त्यांच्या त्या गिरकीचा व्हिडिओ कुणी घेतला नाही.

धबधब्याच्या गावी आम्ही पोचलो तेव्हा शांताबाईंचा उजवा पाय घोट्याशी सुजला होता. बसून बसून सुजला असणार. त्या बोलल्या नाहीत, पण चप्पल घालताना ऋचाने पाहिलं.

सकाळी लॉजच्या व्हरांड्यात नरेश म्हणाला, "आई, तू आज आराम कर. तिकडे वाट ओली असते, निसरडी. पडलीस तर इथे कुठला दवाखाना शोधायचा? तुला उद्या नेतो."

"हळूहळू येईन मी. क्षिप्राचा हात धरून."

"आम्हाला हेलिकॉप्टरची वेळ दिलीय. तुझ्या चालीनं गेलो तर चुकेल."

ऋचा जरा घुटमळली. "आपल्यातलं कुणीतरी थांबूया का?"

"थांब की मग. तू थांब."

ऋचा थांबली नाही.

जाता जाता नरेश मागे वळला. मला वाटलं, त्याला वाईट वाटलं. तो आईजवळ आला, वाकला आणि तिच्या गळ्यातून मला काढून घेतलं. "तुला इथे काय लागणार आहे."

म्हणून शांताबाई सकाळी आठपासून चार वाजेपर्यंत व्हरांड्यातल्या खुर्चीवर बसून होत्या आणि मी धबधब्यावर होते. मी तो पाहिला. क्षिप्राच्या हातातून पाहिला, नरेशच्या हातातून पाहिला, हेलिकॉप्टरमधून वरूनही पाहिला. त्याबद्दल पुढे सांगते.

परतल्यावर शांताबाईंनी विचारलं, "इथपर्यंत आवाज येतोय रे. दिवसभर ऐकत होते. जमिनीतून येतो तसा येतो. कसा होता?"

"मस्त," नरेश म्हणाला. तेवढ्यात ऋचा फोन बघत म्हणाली, "लोक विचारतायत, बाईंचा धबधब्याचा व्हिडिओ कधी टाकताय. आणि उद्या सकाळी तर फ्लाइट आहे."

नरेशने क्षणभर विचार केला. मग आईला गाडीत बसवलं. पण धबधब्याचं फाटक बंद व्हायला आलं होतं आणि आत बरंच चालायचं होतं. त्याने गाडी दुसरीकडे वळवली, नदीच्या वरच्या अंगाला. तिथे झांबेझी सपाट आहे, खडकांमधून थोडी खळखळते, गुडघाभर उंचीवरून पाणी पडतं. त्याने आईला काठाशी उभं केलं. मला तिच्या गळ्यात घातलं.

"हा बघ आई. व्हिक्टोरिया."

मी तिच्या डोळ्यांवर गेले. समोर खडक, थोडा फेस, कलतं ऊन. शांताबाईंनी मला खाली घेतलं, मान तिरकी केली आणि हळूहळू मागे वळल्या. कारण आवाज मागून येत होता. मोठा आवाज, दिवसभर ऐकलेला, जमिनीतला. त्या त्याच्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

नरेशने त्यांचे खांदे धरले आणि त्यांना पुन्हा नदीकडे वळवलं. "आई, इकडे. कॅमेरा इकडे आहे. आता बोल काहीतरी."

त्यांनी मला पुन्हा डोळ्यांना लावलं. त्यांच्या पापण्या माझ्या काचांना लागल्या. मिटलेल्या होत्या.

"किती सुंदर," शांताबाई म्हणाल्या.

"जरा मोठ्यानं. आनंदानं."

"किती सुंदर!"

तो व्हिडिओ दोन हजार माणसांनी पाहिला.

सिंगापुरात परतल्यावर पुढच्या शनिवारी श्रीनिवास आणि सुलेखाकडे सगळे जमले. नरेशचे जुने मित्र, सेरंगून भागात त्यांचा मोठा फ्लॅट. पंधरा-वीस मराठी माणसं, मोठ्या टीव्हीवर आफ्रिका. मी मुद्दाम आणलेली होते, टीपॉयवर, म्हणजे लोकांना हाताळता यावं. रांजणखळग्यांना टाळ्या पडल्या. मग शेवटचा व्हिडिओ लागला.

श्रीनिवास दोन वर्षांपूर्वी तिकडे जाऊन आला होता. साधा माणूस, मनात काही नसताना बोलून गेला. "नरेश, हा फॉल्स नाही रे. ही वरची नदी. फॉल्ससमोर उभं राहिलं तर काकू नखशिखांत भिजल्या असत्या. कपडे तर कोरडे आहेत."

"वुई लेफ्ट हर ॲट द लॉज," क्षिप्रा सोफ्यावरून म्हणाली, चिप्स खात. "डॅडी सेड सेम-सेम, लाह."

नरेश हसला. "अरे, तिला दिसतंय कुठे! तिला हा दाखवला काय आणि तो दाखवला काय. झाडावरचा बिबट्या दिसला तिला, जो नव्हताच! क्षिप्रा, लाव गं तो व्हिडिओ." आणि क्षिप्राने खरंच लावला. पडद्यावर शांताबाई वारुळाकडे बघत जिराफाचं कौतुक करू लागल्या. दोघं-तिघं हसले. एकाने हसू आल्यावर मान खाली घातली. सुलेखा स्वयंपाकघरात निघून गेली.

शांताबाई खुर्चीच्या कडेवर बसल्या होत्या. वर्गात बोलतात तशा, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "धबधबा माझ्या पाठीमागे होता, नरेश. मला माहीत होतं. मी वळलेही होते. तू मला खांद्याला धरून परत फिरवलंस."

कुणीतरी टीव्ही बंद केला. जेवणं झाली, पण लवकर झाली.

घरी आल्यावर नरेशने बूटही काढले नाहीत. "चारचौघांत माझं नाक कापलंस तू. एवढं कळत होतं तर तिथेच का नाही बोललीस?"

"दिसत नाही म्हटलं तर हॉटेलात बसवशील म्हणाला होतास."

"मग बसवलंच ना शेवटी!"

"हो," शांताबाई म्हणाल्या. "बसवलंस."

त्यानंतर घरात त्यांच्याशी कामापुरतं बोलणं राहिलं. ऑगस्टमध्ये त्यांच्या व्हिजिट पासची मुदत संपत होती, ती वाढवायला नरेशने अर्ज केला नाही. अमरावतीच्या घरात भाडेकरू होते, म्हणून त्यांच्यासाठी नागपूरबाहेर एक वृद्धाश्रम ठरवला. "तिथे तुझ्या वयाची माणसं आहेत आई. इथे तू एकटी पडतेस." बॅग ऋचाने भरली. शांताबाई सगळ्या खोल्यांतून हात फिरवत आल्या, टीव्हीखालच्या खणात मला शोधून काढलं.

"ही नेऊ का रे? अजून थोडं दिसतं हिच्यातून."

"क्षिप्राला शाळेत लागते ती," नरेश म्हणाला.

क्षिप्राला मी कधीच लागले नव्हते. शांताबाईंनी मला खणात परत ठेवलं, पट्टा नीट गुंडाळून. खण बंद झाला. थोड्या वेळाने दाराचा आवाज आला आणि लिफ्टची घंटी.

त्याला सात महिने झाले. मी त्याच खणात आहे. जुने चार्जर, संपलेल्या बॅटऱ्या आणि मी. माझ्या उजव्या काचेत बुरशीचा एक धागा वाढतोय. इथल्या दमट हवेत वाढतोच. तो मधोमध आहे.

मागच्या बुधवारी संध्याकाळी खण उघडला. क्षिप्राला चार्जर हवा होता, खण तसाच उघडा राहिला. भूगोलाची असाइनमेंट होती आणि तिने स्पीकरवर आजीला फोन लावला होता.

"आजी, व्हिक्टोरिया फॉल्स कसा फॉर्म झाला? क्विक सांग हं."

शांताबाईंचा आवाज बारीक झाला होता. पण चाळीस मिनिटं त्या बोलल्या. काळ्या खडकातल्या भेगा, त्यांत भरलेला मऊ थर, नदीने तो कसा धुऊन नेला, धबधबा लाखो वर्षांत कसा मागे मागे सरकत गेला, खालच्या नागमोडी घळया म्हणजे जुन्या धबधब्यांच्या जागा कशा. मध्येच त्या विचारायच्या, "लिहिलंस?" क्षिप्रा टाइप करत होती. आकृती कशी काढायची तेही त्यांनी सांगितलं, खडू कुठून सुरू करायचा इथपर्यंत. मग सहज म्हणाल्या, "उजवा डोळा पूर्ण गेला गं आता. डाव्यात उजेड कळतो."

"ओह. ओके. थँक्यू आजी, बाय."

"क्षिप्रा, थांब गं. एक सांग. तू तर पाहिलायस ना तो. कसा होता?"

क्षिप्राने लॅपटॉपवरून नजर काढली नाही. "वेट होता, आजी. खूप वेट. लाइक दॅट ओन्ली, लाह."

फोन बंद झाला.

मी पाहिलाय तो. आधी पाणी दिसतच नाही, धूरच दिसतो, जमिनीतून वर चढणारा, आणि तो ढगांना मिळतो. मग जमीन संपते. तुमच्या समोरची नदी, मैलभर रुंद, एका ओळीत खाली जाते, आवाज न करता जाते, कारण आवाज सगळा खालून येतो. पडताना पाणी पांढरं नसतं, काठावर हिरवं असतं, अर्ध्यावर त्याचे तुकडे होतात, आणि तळ कुणाला दिसत नाही. चांगल्या डोळ्यांनाही नाही. तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाचे डोळे पाण्याने भरलेले होते, कुणालाच धड दिसत नव्हतं. शांताबाईंना तिथे कुणाहूनही कमी दिसलं नसतं.

मला तोंड नाही, नाहीतर मी फोन लावला असता. तुम्हाला आहे. नागपूरबाहेरच्या त्या घरात दुपारी तीननंतर फोन देतात. शांताबाई आहेत का, विचारा. धबधबा कसा होता, एवढं एक त्यांना सांगा. जरा सावकाश सांगा, आणि त्या मध्येच प्रश्न विचारतील, तेव्हा फोन ठेवू नका.